ठेवणीतलं भांडण

शिमकेंटहून निघालो तेव्हा ऊन पाठीशी होतं.
मागे नऊ टन खरबुजं, गवताच्या थरांत खेटून,
आणि केबिनमध्ये त्यांचा वास,
इतका गोड, की झोप यायला तेवढाही पुरे.

ओराझबेक चालवतो. मी बोलते.
ही वाटणी सव्वीस वर्षांची.
मला गाडी येत नाही,
पण माझ्या बडबडीवाचून ती करागंदाला
एकदाही पोचलेली नाही.

तराझपर्यंत बातम्या पुरल्या:
कुणाची घोडी व्याली, कुणाची सून
स्टेशनाजवळ चहा विकायला बसली,
डिझेलचा भाव, माझी दाढ.
मग सूर्यफुलाच्या बिया.
मग कुरूत,
खारट, खड्यासारखा, गालात धरायचा.
चावायचा नाही. चावला की संपला,
आणि तोंड रिकामं झालं की पापणीला वाट मिळते.
सासूबाई ते मुठीत वळतात, छपरावर वाळवतात,
बोटांचे ठसे तसेच राहतात त्यावर.
रात्री दोन वाजता त्यांची करंगळी
माझ्या जिभेवर विरघळत होती.

अडीचला रेडिओ खरखरला आणि तोही झोपी गेला.
रस्ता असा, की वळणानं जागं करावं
तर वळणच नाही.
काच खाली केली. थंडी आत आली, बसली, ऊबली.
दोन्हीकडे गवत. गवतामागे काळोख.
काळोखामागे, ओराझबेक म्हणाला, आणखी ग...

शब्द अर्धाच आला.
मी ओळखलं.
आणि ठेवणीतलं भांडण बाहेर काढलं.

"तो करडा घोडा भावाला फुकट का दिलास?"

त्याची पाठ सीटवरून सुटली.
"फुकट? कोण म्हणतं फुकट?"
झालं. पुढचे साठ किलोमीटर निघाले.

हे भांडण मी वर्षातून दोनदाच वापरते,
एरवी धार जाते.
मी का काढते ते त्याला ठाऊक आहे,
तरी दर वेळी खराखुरा चिडतो.
भला माणूस.

भाऊ झाला, वहिनी झाली, लग्नातला गालिचा झाला,
समोरून एक ट्रक दिवे न उतरवता गेला,
त्यालाही आम्ही दोघांनी मिळून शिव्या घातल्या.
मग सारी-शगानच्या अलीकडे,
पांढऱ्या रेघेवरची नजर न हलवता, तो म्हणाला:

"तोग्झान कोरियाला गेली ना,
त्यानंतर रोज सकाळी तो फाटकाशी येऊन उभा राहायचा.
तिच्या खिडकीकडे तोंड करून.
तू तेव्हा धारा काढत असायचीस.
मला बघवेना."

बोलायचं काम माझं.
आणि मला एक शब्द सुचेना.
इंजिन तेवढं बोलत राहिलं,
टायरखाली खडी,
मागे कुठेतरी एक खरबूज सुटून
इकडून तिकडे घरंगळत होतं.
मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिले,
दर दहा मोजून एकदा, चोरून.
टक्क उघडे होते.
माझेही.

तांबडं फुटलं तेव्हा उजवीकडे बाल्खाश होतं,
अर्धं गोड, अर्धं खारं, म्हणतात,
काठावरून काही कळत नाही.
धुरी दिलेले मासे विकणारी एक बाई
दोरीवर त्यांना एकेक अडकवत होती.
ओराझबेकनं ब्रेक ओढला, कपाळ स्टिअरिंगवर टेकलं,
आणि तो घोरायलाच लागला.

"रात्रभर आलात?" बाईनं विचारलं. "झोप नाही आली?"
"भांडत होतो," मी म्हटलं.
"बरं असतं," ती म्हणाली, आणि भाव सांगितला.

पिशवीत चार कुरूत उरलेत.
करागंदा अजून पावणेचारशे किलोमीटर.
भांडण एकही नाही.